आत्याने दाखवलेला बांध

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात परदेशातल्या एका विद्यापीठाचे भूगोलाचे विद्यार्थी आमच्या मळ्यात पाहणीला आले. ते मायदेशी परतल्यावर महिन्याच्या आत माझी आत्या, हिराबाई, मळा सोडून गेली. मी तेव्हा भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या पाहुण्यांची दुभाषी होते. पुढचा बहुतेक मजकूर मी स्वतः पाहिलेला आणि ऐकलेला आहे. जे दुसऱ्याकडून कळले, ते तसे सांगितले आहे.

मळा नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला होता. शहर तेव्हा आमच्यापासून दोन शेतांवर येऊन थांबले होते. पलीकडच्या द्राक्षबागेत प्लॉट पाडून झाले होते आणि बागेचे लोखंडी अँगल रस्त्याकडेला ढीग करून टाकलेले होते. आमच्याकडे फुले व्हायची. पावसाळ्यात झेंडू, थंडीत शेवंती आणि ॲस्टर, उन्हाळ्यात मोगरा. मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. थंडीत घराला जाग यायची ती आत्याच्या बादलीच्या कडीच्या आवाजाने. ऊन लागण्याआधी तोडलेली शेवंती दुपारपर्यंत मान टाकत नाही, म्हणून आत्या फटफटताच वाफ्यात उतरायची. मग वीज आली की विहिरीवरची मोटार, तिच्यामागून अण्णांचे खाकरणे, मग बापूंची फटफटी. अण्णा म्हणजे माझे वडील, बापू धाकटे काका. ओल्या गोणपाटात बांधलेली फुले घेऊन बापू फुलबाजारात जायचे आणि उरलेल्या फुलांचे हार करायला आई, काकू आणि आत्या पडवीत बसायच्या. केळीच्या सोपटाचे दोरे भिजत घातलेले असायचे. त्या पाण्याला एक तुरट वास येतो. तो वास आणि चुलीवर भाजल्या जाणाऱ्या बाजरीच्या भाकरीचा वास एकत्र आला की सकाळचे नऊ वाजले असे आम्ही धरत असू. भाकरीबरोबर लसणाच्या पातीचे पिठले असे. ते आत्या करी. आईच्या हातचे पिठले गुठळ्यांचे होई आणि काकू ते सर्वांसमोर सांगत असे.

आत्या अण्णांच्या पाठची, बापूंच्या आधीची. तिला निफाडकडे दिली होती. नवऱ्याने दुसरी बाई आणून घरात बसवली, तेव्हा आजोबा टेम्पो घेऊन गेले आणि लेकीला तिच्या पेटीसकट घेऊन आले. हे माझ्या जन्माआधीचे. मला आत्या आठवते ती मळ्यातलीच. पाणी भरणे, खुरपणी, तोडणी, माणसांच्या तोंडी लागणे, सगळे तिच्याकडे. ती मोठ्याने हसायची आणि फुलबाजारातल्या दलालांना नावे ठेवायची. एका दलालाला ती ‘देवमाणूस’ म्हणायची. कारण विचारले तर सांगायची, “देवावानी हाय तो. कधी बोलत नाय, आणि फुलं मात्र रोज लागतात.”

आजोबा वारले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर दोघा भावांनी मळा कसायला वाटून घेतला. मधल्या सीताफळाच्या झाडापासून उगवतीचा अण्णांचा, मावळतीचा बापूंचा. हे तोंडी होते. सातबाऱ्यावर मात्र आजोबांच्या जागी सगळ्या वारसांची नावे लागली, कायद्याने ती लागतातच. आमच्याकडे अशा वेळी बहिणी आपला हिस्सा सोडतात. माहेर तुटू नये म्हणून सोडतात, असे सांगितले जाते. थोरली आत्या सायखेड्याला दिलेली. ती दिवाळीला आली, भावांबरोबर कचेरीत गेली, हक्कसोडपत्रावर सही केली, साडी नेसली आणि भाऊबीज करून परत गेली. हिराआत्याची सही घ्यायची राहिली. त्यात लपवाछपवी काही नव्हती. माहेरी येणाऱ्या बहिणीकडून सही घेण्याची रीत आहे. जी बहीण माहेरातच राहते, रोज भाकरी वाढते, तिच्याकडे सही मागायचे कोणालाच सुचले नाही. तिचे नाव दोन भावांच्या नावाखाली तसेच राहिले. ते सगळ्यांना माहीत होते आणि कोणाच्या लक्षात नव्हते.

पाहुण्यांचा विषय होता जागतिकीकरण आणि वाढते शहर. त्यांच्याकडे प्रत्येक वर्षी एक तुकडी परदेशी पाहणीसाठी काढतात आणि त्या वर्षी नाशिक निवडले होते. द्राक्षांची निर्यात, वायनरी, अंबड-सातपूरचे कारखाने, आणि शहराच्या कडेला असलेली शेती. आमच्या कॉलेजातले सर त्यांना मदत करत होते. शेतीसाठी सरांनी आमचा मळा सुचवला, कारण नियोजित रस्ता आमच्या शेजारून जाणार होता आणि मी त्यांच्या वर्गात होते. ज्याला आमच्या पुस्तकात ‘ग्रामीण-नागरी झालर’ म्हणत, ती झालर म्हणजे आमचे घर, हे मला त्या आठवड्यात कळले. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिले होते आणि बरे गुण मिळवले होते.

चौघे विद्यार्थी आणि त्यांच्या प्राध्यापिका हेलन आमच्याकडे तीन दिवस येत होते. त्यांनी पायातले बूट पडवीबाहेर काढले, भाकरी खाल्ली, पाणी मात्र आपापल्या बाटलीतले प्यायले. टॉम नावाचा उंच मुलगा ठेचा खाऊन लाल झाला, तेव्हा आत्याने त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि मला म्हणाली, “याला सांग, रडू नको, लगीन व्हायचंय अजून.” मी ते सांगितले. तो हसला आणि ते त्याने वहीत लिहून घेतले. ते सगळेच लिहून घेत. आईने चुलीत काटकी सारली तरी लिहून घेत.

त्यांची पद्धत अशी होती. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकट्याने त्यांच्याबरोबर चालायचे आणि आपला मळा कुठून कुठपर्यंत ते दाखवायचे. टॉमच्या हातात उपग्रहाशी जोडलेले एक यंत्र होते, ते चाललेल्या वाटेची रेघ साठवत जाई. अण्णा सीताफळापासून उगवतीकडे फिरून आले. बापू मावळतीकडे फिरून आले आणि वाटेत, मळा विकत मागायला येणाऱ्या बिल्डरने कुठे खुणेचे दगड रोवले तेही दाखवले. आई उठलीच नाही. “चुलीपासून मोरीपर्यंत लिवा,” ती म्हणाली. काकू म्हणाली, “माझं ते यांचं, आणि यांचं ते यांचंच.” पाहुण्यांना हे फार आवडले.

आत्याला मी प्रश्न सांगितला, तेव्हा ती वाफ्यात होती. तिने हात पदराला पुसले, विळा कमरेला खोचला आणि थेट रस्त्याकडच्या कोपऱ्यावर गेली. तिथून ती बाहेरच्या बांधाने चालू लागली. उगवतीची बाजू झाली, पाटाची बाजू झाली, ती वळून मावळतीकडे निघाली.

“आत्या,” मी म्हणाले, “तुझा म्हणून कुठला, ते विचारतायत.”

“ऐकलं मी.”

“सगळा मळा नाही म्हणायचा. तुझा.”

“मला समजलं काय इचारलं ते. तू चल. त्या पोराला सांग, बांधावरनं पाय घसरंल, खाली बघ.”

तिने पूर्ण फेरी मारली आणि जिथून निघाली होती तिथे येऊन थांबली. टॉमने यंत्राचे बटण दाबले. ती वाफ्यात परत गेली.

पत्रकारितेत मी पुढे पुष्कळ वर्षे काढली. डेस्कवर पहिल्यांदा शिकवतात ते हे की, माणूस जे बोलला ते छापा, त्याला काय म्हणायचे असेल ते छापू नका. त्या दिवशी आत्याला काय म्हणायचे होते ते मी कधी विचारले नाही. ती काय बोलली ते वर दिले आहे.

शेवटच्या दिवशी निष्कर्ष लोकांपुढे मांडायचे असा पाहुण्यांचा दंडक होता. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत द्यावी, असे हेलन म्हणाल्या. दुपारी अंगणात सतरंजी टाकली. शेजारचे मळेवाले आले, सर आले, बापूंबरोबर बिल्डरचा माणूसही आला. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलायला मृदू. आईने चहा आणि चिवडा दिला. गोठ्याच्या भिंतीवर मोठा नकाशा टांगला होता. अण्णांची रेघ निळी, बापूंची हिरवी, आणि त्या दोन्हींना बाहेरून वेढणारी आत्याची तांबडी.

टॉमने वाचले आणि मी मराठीत सांगितले, की या घरात तीन माणसे जमीन आपली मानतात आणि त्यांतला सर्वांत मोठा दावा एका बाईचा आहे.

शेजारचे नाना हसले. “अण्णा, तुमच्या भोवती तर कुंपण पडलं की राव!”

“आता बापूनं फाटक कुठं ठेवायचं, ते हिराबाईला इचारा,” दुसरा कोणी म्हणाला. सगळे हसले. आत्याही हसली, तोंडाला पदर लावून. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

बिल्डरच्या माणसाने आवाज न चढवता विचारले, “अण्णा, ताईंची सही झालेली आहे ना?”

“घरचीच हाय ती.”

“घरचीच असते हो. सही?”

बापूंनी नकाशाकडे पाहिले. तो माणूस चिवडा संपवून उठला आणि जाताना आत्याला नमस्कार करून गेला. यापूर्वी तो अनेकदा आला होता. आत्याला त्याने नमस्कार केल्याचे मी पहिल्यांदाच पाहिले.

पाहुणे संध्याकाळी हॉटेलवर गेले. चुलीपुढे ताटे मांडलेली असतानाच अण्णांनी विषय काढला.

“हिरे, उद्या-परवा कचेरीत जाऊन येऊ. थोरलीनं दिली तशी सही देऊन टाक.”

“कशापायी?”

“व्यवहार अडंल. तो म्हणतो, कागद साफ पाहिजे.”

“मळा इकायचा ठरला? मला कुणी बोललं नाय.”

“तुला काय बोलायचं?” बापू म्हणाले. “आक्का, तुला काय कमी केलं का आम्ही?”

“कमी काय केलं ते नको सांगू. दिलं काय ते सांग.”

“माहेर दिलं,” अण्णा म्हणाले.

“माहेर बापानं दिलं. तू तवा टेम्पोतबी बसला नव्हता.”

आईने भाकरी तव्यावर टाकली. ती तव्यावरच करपली. मग आत्याने आपली मागणी सांगितली. विहिरीकडचे शेवंतीचे वाफे तिच्या नावावर राहावेत. बाकी सगळ्यावर ती सही देईल. बापूंनी अण्णांकडे पाहिले. मला वाटते, बापू तेवढ्यावर तयार झाले असते. अण्णा म्हणाले, “तुझ्यामागं कोण हाय? नाव कुणासाठी पाहिजे तुला? उद्या तू गेली की ते निफाडवाले दारात उभे राहत्याल.”

आत्या उठून बाहेर गेली. तिचे ताट तसेच राहिले. काकूने ते झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहुण्यांच्या हॉटेलवर गेले. ते नाश्त्याला बसले होते. घरी जे झाले ते मी हेलनना सांगितले आणि विचारले, अण्णांना भेटून त्या काही बोलतील का. तुमचा नकाशा म्हणजे कायद्याचा दावा नाही, एवढे तरी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. त्या गंभीर झाल्या. घरच्या व्यवहारात पडण्याची त्यांच्या विद्यापीठाच्या नियमांत मुभा नव्हती, असे त्यांनी सांगितले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, की संपूर्ण पाहणीत ती रेघ सर्वांत मोलाची आहे, आणि आत्याला त्रास होऊ नये म्हणून छापताना त्या तिचे नाव बदलतील. दुपारच्या गाडीने ते मुंबईला गेले.

मळ्यात कोणी कोणाला काही म्हटले नाही. आरडाओरडा झाला नाही, मारहाण झाली नाही. तोडणीला पेठ तालुक्यातली एक बाई रोजाने लावली गेली. आत्या वाफ्यात उतरली की बापू त्या बाईला दुसऱ्या टोकाला बोलवत. आत्याने तोडलेली फुले पडवीत राहू लागली. बाजारात जायची ती त्या बाईच्या पाटीतली. दोन-तीन दिवसांची शेवंती कोपऱ्यात काळी पडली आणि आईने ती गुपचूप उकिरड्यावर टाकली. अण्णा जेवताना आत्याच्या हातचे वाढून घेईनासे झाले. घरात पिठले आई करू लागली.

सायखेड्याहून थोरली आत्या समजूत घालायला आली. अण्णांनी बोलावले होते. दोघी बहिणी पडवीत बसल्या.

“मी दिली ना सही?” थोरली म्हणाली. “माझं काय वाकडं झालं? भाऊबीजेला येती, मानानं जाती.”

“तू येती आणि जाती, आक्के. मी कुठं जाऊ?”

“इथंच ऱ्हा की. कोण हाकलतंय?”

“मग सही कशाला?”

“तोंडाला लागू नको. तुझं बोट सोन्याचं हाय का?”

“सोन्याचं असतं तर केवाच इकलं असतं यांनी.”

थोरलीला हसू आले. मग दोघीही रडल्या. दुपारच्या एसटीने थोरली निघून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात आत्या गेली. दिवस मंगळवारचा होता, शेजारी बाजाराला निघाले होते, त्यामुळे जाताना पुष्कळांनी पाहिले. तिने पेटी घेतली नाही, दोन पिशव्या घेतल्या. सही केलेली नव्हती. आईने तिच्या पिशवीत तिळाची चटणी घातली. अण्णा विहिरीवर होते. त्यांनी मोटार बंद केली नाही. आत्याने त्या बाजूला एकदा पाहिले आणि रस्त्याला लागली.

ती दिंडोरीकडे एका गुलाबाच्या पॉलीहाऊसवर कामाला लागली. फेब्रुवारीत परदेशी मागणी वाढते, तेव्हा तिथे बायांची गरज असते. हे मला पेठच्या बाईकडून कळले. परीक्षा संपल्यावर मी भेटायला गेले. सुरगाण्याकडच्या मजूर बायांबरोबर ती एका पत्र्याच्या खोलीत राहत होती. पॉलीहाऊसमध्ये प्लास्टिकखाली दमट उष्मा होता आणि गुलाबांना वास नव्हता. देठांची लांबी पट्टीला लावून बघायची, कळीवर जाळी चढवायची, खोक्यात भरायची. आत्याने मला कोणाची तरी फिरकी घेत असल्यासारखे सगळे दाखवले.

“इथली फुलं देवाला नाय जात,” ती म्हणाली. “इमानानं जातात. त्या तुझ्या टॉमच्या गावाला जात असतील बघ.”

“घरी चल,” मी म्हणाले.

“कुणाच्या?”

तिने मला चहा पाजला, बाकीच्या बायांना “ही माझी भाची, लय शिकलेली” म्हणून ओळख करून दिली आणि सुपरवायझरने हाक मारली तशी आत गेली.

आमची पाहणी पुढे एका अभ्यासग्रंथात आली. सरांनी मला ते पान दाखवले. नकाशा रंगीत नव्हता, त्यामुळे आत्याची रेघ तुटक ठिपक्यांनी दाखवली होती. तिचे नाव लक्ष्मी केले होते. खाली लिहिले होते की, या प्रकल्पाने लक्ष्मीला प्रथमच आपला आवाज मिळाला. हेलननी शब्द पाळला होता. पुस्तकात आत्याला ओळखण्यासारखे काही उरलेले नव्हते. सरांनी ते पान कॉलेजच्या फलकावर लावले. त्या पानावर सरांचे आभार मानलेले होते, माझे नावही होते.

मळ्याचा व्यवहार अडून राहिला. शेजारी इमारती झाल्या, त्यांची सांडपाण्याची गटारे आमच्या बांधाला लागली, शेवंतीवर रोग येऊ लागला. बापू दोनदा दिंडोरीला जाऊन आले. वाफ्यांचे मान्य आहे, असा निरोप त्यांनी दिला, असे काकू सांगते. अण्णांना ते मान्य नव्हते, असे आई सांगायची. आत्याने सही केली नाही एवढे नक्की. तिच्या नवऱ्याकडचे, ज्यांचे भय होते, ते कधीच आले नाहीत. मी वर्तमानपत्रात लागले तेव्हा माझ्याकडे महापालिका आणि बांधकामे हा विभाग आला. शहराच्या वाढीच्या बातम्या मी अनेक वर्षे दिल्या. आमच्या मळ्याची बातमी कधी झाली नाही. तिच्यात बातमी काय, असे वरिष्ठांनी विचारले असते, आणि त्यांचे बरोबर होते.

काही वर्षांनी आत्या पॉलीहाऊसवरच आजारी पडली. तिथल्या बायांनी तिला सरकारी दवाखान्यात नेले. मी पोचले तेव्हा ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती. तिसऱ्या दिवशी ती गेली. अग्नी बापूंनी दिला. अण्णा आले होते, मागे उभे होते.

दशक्रियेनंतर बिल्डरच्या वकिलाने अण्णा आणि बापूंना समजावून सांगितलेला कायदा असा. मूलबाळ नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिला वडिलांकडून आलेली मिळकत नवऱ्याकडे जात नाही. ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. वडिलांच्या वारसांत सायखेड्याची थोरली आत्याही येत होती. तिला पुन्हा कचेरीत नेण्यात आले आणि तिने पुन्हा सही केली. सातबाऱ्यावरून हिराबाईचे नाव कमी झाले. अक्षयतृतीयेला मळ्यात इमारतीचे भूमिपूजन झाले. नारळ अण्णांनी फोडला.